घोड्याचे नाल काढताना खुराच्या बुटांचा आधार : अकरा महिन्यांचा अनुभव आणि एक प्रश्न

पागेतली | २ फेब्रुवारी, सकाळी ७.४०

नमस्कार मंडळी,

माझ्या घोड्याचे पुढचे नाल मागच्या मार्चमध्ये कायमचे काढले. तेव्हापासून काय झाले, माझे कुठे चुकले आणि खुराला घालायच्या रबरी बुटांनी त्यात नेमके कोणते काम केले, हे पुण्याच्या आसपास घोडा पाळणाऱ्यांसाठी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. या बुटांविषयी आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. एक म्हणजे हे परदेशी कौतुक आहे, आणि दुसरे म्हणजे बूट घेतले की नालबंदाची गरज संपली. माझा अनुभव या दोन्हींशी जुळत नाही.

माणिक बारा वर्षांचा, लाल कुमैत रंगाचा, खच्ची केलेला थरोब्रेड आहे. शर्यतीतून निवृत्त झाल्यावर, सहा वर्षांपूर्वी तो माझ्याकडे आला आणि तेव्हापासून पिरंगुटच्या पुढे, मुळशी रस्त्यालगतच्या आमच्या पागेत राहतो. शर्यतीच्या घोड्यांना साधारण दोन वर्षांचे असतानाच नाल लागतात. ज्या वयात टाचेतली गादी आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या कूर्चा चालून चालून भरायच्या, त्याच वयात खूर धातूत अडकतो. माणिकचे पुढचे खूर त्याचाच नमुना होते : तळवा सपाट आणि पातळ, टाचा आवळलेल्या, आणि तळव्यामधला मऊ त्रिकोणी भाग, ज्याला डॉक्टर फ्रॉग म्हणतात, तो खारकेसारखा सुकून आक्रसलेला. पावसाळ्यात चिखलात नाल निघायचा, निघताना खुराच्या भिंतीचा टवका घेऊन जायचा आणि पुढच्या वेळी खिळे आणखी वर मारावे लागायचे. गेल्या फेब्रुवारीत आमच्या नालबंदांनी त्याचा खूर मांडीवर घेतला, अंगठ्याने कड सगळीकडून चाचपून पाहिली आणि पाय अलगद खाली सोडत ते म्हणाले, "ताई, आता खिळा मारायला जागाच उरली नाही." तिथून हा सगळा विचार सुरू झाला.

आधी माझी चूक सांगते, कारण ती पुष्कळ जण करतात. एका परिचितांनी मला सांगितले होते की नाल काढल्यावर काही दिवस दुखणारच, घोड्याला चालवत राहावे, टाप आपोआप टणक होते. पागेच्या मऊ मातीत माणिक बरा चालत होता, म्हणून मी ते खरे मानले. अकराव्या दिवशी मी त्याला फाटकाबाहेर नेले. गवत संपून मुरमाचा रस्ता सुरू होतो त्या कडेला तो थांबला, मान खाली घालून त्याने रस्ता हुंगला आणि मागे वळू लागला. मी लगाम धरून त्याला पुढे घेतले. गुणी घोडा असल्यामुळे तो आला, पण प्रत्येक पाऊल टापेच्या टोकावर, आखडून, चोरून टाकत आला. तिसऱ्या आठवड्यात त्याचा पुढचा डावा पाय जमिनीला टेकेना. तळव्याला मुका मार लागून आत पू झाला होता. डॉक्टरांनी त्याला वाट करून दिली आणि पुढचे दहा दिवस मी पोटीस बांधत बसले. त्या रस्त्याच्या कडेला त्याने मला जे सांगितले होते ते मी ऐकले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

पुढे डॉक्टरांशी बोलून आणि स्वतः रोज त्याचे पाऊल पाहून मला जे कळले ते असे. पायाला दुखते आहे तोवर घोडा टाच टेकवत नाही, तो टोकावर उतरतो. टाच टेकली नाही तर आतली गादी दाबली जात नाही, दाबली गेली नाही तर ती भरत नाही, आणि ती भरत नाही तोवर टाच टेकवणे त्याला सुखाचे होत नाही. हे चक्र कुठेतरी तोडावे लागते, आणि बूट तिथे कामाला येतात. टापेला टणकपणा येतो तो वेदनारहित चालीतून, आणि ती चाल पहिल्या दिवसापासून रोज मिळावी एवढ्यासाठीच बूट आहेत.

मी फक्त पुढच्या दोन पायांसाठी बूट घेतले. घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि माणिकचे मागचे नाल त्याआधी दोन महिने काढूनही त्याला काही जाणवले नव्हते. आपल्याकडे हे बूट दुकानात मिळत नाहीत, ते बाहेरून मागवावे लागतात. त्यामुळे माप चुकले तर परत पाठवण्याचा खर्च आणि दोन-तीन आठवड्यांचा वेळ, दोन्ही वाया जातात. पहिल्या खेपेला माझे तेच झाले. मी लांबी मोजताना टाचेच्या मागच्या मांसल फुगवट्यापर्यंत टेप नेली. लांबी मोजायची ती टोकापासून टाचेची भिंत जिथे जमिनीला टेकते तिथपर्यंतच, आणि रुंदी मोजायची ती खुराच्या सर्वांत रुंद जागी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, दोन्ही पायांची वेगवेगळी. खूर छाटल्यानंतर एक-दोन दिवसांतच मोजावे, कारण पाच आठवड्यांचा वाढलेला खूर मोजून घेतलेला बूट छाटणीनंतर सैल पडतो. माणिकचा उजवा खूर डाव्यापेक्षा ४ मिलिमीटर रुंद निघाला.

बूट बरोबर बसला की नाही हे मी तीन गोष्टींवरून ओळखते. घोडा चालताना बूट खुरावर गोल फिरू नये, पाय उचलल्यावर टाचेकडून तो लोंबू नये, आणि वरच्या कडेने केसांच्या रेषेवर घासू नये. सुरुवातीला मी आत ६ मिलिमीटर जाडीची फोमची गादी घातली होती. तिने तळव्याला आधार मिळाला आणि काही आठवड्यांत त्या गादीवर फ्रॉगचा ठसा उमटलेला दिसू लागला. तो ठसा पाहिला त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की आपण बरोबर वाटेवर आहोत, कारण तोवर फ्रॉग कशालाच टेकत नव्हता.

घालण्याचा क्रम मी असा ठेवला : पहिल्या दिवशी वीस मिनिटे हाताने चालवणे, मग रोज थोडे वाढवत दोन आठवड्यांत तासभर, त्यानंतर खोगीर. पागेत आणि मऊ मातीत तो बिनबुटाचाच राही, बूट फक्त मुरूम, खडी आणि डांबरासाठी. रात्रंदिवस बूट ठेवू नयेत, कारण आतल्या घामाने खूर मऊ पडतो. तरीही मे महिन्यात त्याच्या डाव्या टाचेच्या फुगवट्यावर रुपयाएवढी जागा सोलली गेली. कारण शोधले तर आत अडकलेला कुसळाचा एक झुबका सापडला. तेव्हापासून प्रत्येक वेळी बूट घालण्यापूर्वी मी टाच कापडाने पुसते, थोडी टाल्कम पावडर लावते, आणि उतरवल्यावर बूट ब्रशने आतून धुऊन सावलीत वाळवते. आमच्या मोतद्दारांनाही आता ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की ते खरारा करतानाच बूट तपासून ठेवतात.

नालबंद पूर्वी सहा-सात आठवड्यांनी येत, आता दर पाच आठवड्यांनी येतात. त्यांचे काम कमी झाले नाही, वाढले आहे. टोक लांब वाढू न देणे, टाचा मागच्या बाजूला बरोबर पातळीवर ठेवणे, भिंतीची कड कानशीने गोल करणे, म्हणजे ती जमिनीवर फाटणार नाही, हे सगळे त्यांच्याच हातचे आहे. तळव्यावर आणि फ्रॉगवर मात्र त्यांनी सुरी जवळजवळ लावलीच नाही, कारण तळवा पातळ असताना तो कोरून सुबक करणे म्हणजे उरलेसुरले कवच काढून घेणे होय.

खुराची भिंत महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते, त्यामुळे केसांच्या रेषेपासून टोकापर्यंत नवा खूर येण्यास ९ ते १२ महिने लागतात. माणिकच्या जुन्या खिळ्यांची शेवटची भोके गेल्या जूनमध्येच छाटणीत निघून गेली, आणि नाल काढल्यानंतर वर उगवलेली नवी भिंत आता जवळजवळ जमिनीपर्यंत आली आहे. ती जुन्यापेक्षा सरळ आणि कमी फाकलेली दिसते. मागच्या मार्चमधल्या एक्स-रेमध्ये त्याच्या तळव्याची जाडी ८ मिलिमीटर होती, या जानेवारीत १३ भरली. आता तो डांबरावर आणि मुरमावर बिनबुटाचा टाच टेकवून चालतो. क्रशरच्या ताज्या खडीवर मात्र अजून बूट लागतात, आणि कदाचित नेहमीच लागतील. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

माझा प्रश्न पावसाळ्याचा आहे. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण आमच्याकडे पश्चिमेला तो पुष्कळ जास्त असतो. गेल्या पावसाळ्यात फ्रॉगच्या मधल्या खाचेत कुजकट वास आणि काळा चिकट स्राव आला होता, तो आटोक्यात यायला सप्टेंबर उजाडला. या वर्षीची तयारी आतापासून करायची आहे. आपण काय करता?

भीमाकाठ | २ फेब्रुवारी, दुपारी १.१५

ताई, आपण मनापासून लिहिले आहे, म्हणून मीही मनापासून लिहितो. आमच्याकडे बारामती-दौंड भागात भीमथडी तट्टे आहेत. धनगरांच्या कळपाबरोबर, पाठीवर सगळे बिऱ्हाड लादून, वर्षातले कित्येक महिने ती चालतच असतात, माळरानावर, खडकावर, नदीच्या गोट्यांवर. त्यांना कधी नाल नाही, बूट तर नाहीच, आणि तरी मी त्यांना तळवा दुखून लंगडताना फारच क्वचित पाहिले आहे. घोड्याचा पाय दगडावरच घडतो. आपण बूट घालून त्याला दगडापासून दूर ठेवता आहात, मग तो घडणार कसा?

पागेतली | २ फेब्रुवारी, रात्री ९.३०

भीमाकाठ दादा, आपले निरीक्षण खरे आहे आणि त्या तट्टांच्या टापा मीही हातात घेऊन पाहिल्या आहेत. पण ते शिंगरू असल्यापासून आईच्या मागे दिवसाला कित्येक कोस चालले आहे. त्याचा पाय पहिल्या महिन्यापासून दगडावर घडला. माणिकचा पाय त्या वयात तबेल्यात आणि मऊ ट्रॅकवर होता. ज्याने आयुष्यात कधी अनवाणी पाऊल टाकले नाही त्याला आपण एकदम कातळावर धावायला लावत नाही. बूट घालून मी त्याला दगडापासून दूर ठेवत नाही, उलट दगडाच्या रस्त्यावर घेऊन जाते. बूट नसते तर मी त्याला त्या रस्त्यावर नेलेच नसते, आणि तो मऊ मातीत उभा राहून तसाच कच्चा राहिला असता.

दगडाचा सराव आम्हीही दिला, पण गोल दगडाचा. पाण्याच्या टाकीभोवती, जिथे तो दिवसातून दहा वेळा स्वतःच्या मर्जीने जाऊन उभा राहतो, तिथे चाळलेली बारीक गोल वाळूगोटी चार इंच जाडीने पसरली आहे. खडीला धार असते आणि ती तळव्यात एका बिंदूवर रुतते. गोल गोटा तळव्याच्या वळणात बसतो आणि भार पसरतो. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात, ग्रीकांकडे खिळ्यांचे नाल नव्हते तेव्हा, झेनोफोन या सेनानीने घोड्याच्या उभे राहण्याच्या जागी मुठीएवढे गोल दगड पसरायला सांगितले होते. इतकी जुनी युक्ती आपल्या टाकीजवळ कामाला येते याचे मला फार अप्रूप वाटले.

पशुवैद्य_कोथरूड | ३ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

धागा वाचून समाधान वाटले. दोन-तीन गोष्टी वैद्यकीय बाजूने जोडतो.

टाचेतल्या गादीबद्दल आपण लिहिले आहे त्याला आधार आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठातील प्राध्यापक रॉबर्ट बाउकर यांनी खुराच्या मागच्या भागाचा दीर्घकाळ अभ्यास केला. भरपूर चालणाऱ्या, टाच टेकवणाऱ्या घोड्यांत ही गादी तंतुमय आणि कूर्चेसारखी घट्ट होते, तर कमकुवत खुरांत ती मऊ आणि चरबीयुक्त राहते, असे त्यांना आढळले. प्रौढ घोड्यातही योग्य हालचालीने सुधारणा होते, पण ती महिन्यांच्या मापाने होते, दिवसांच्या नाही.

ज्यांना नाल काढायचे आहेत त्यांनी आधी बाजूने घेतलेला एक्स-रे अवश्य करावा. तळवा १० मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर नाल काढण्याच्या दिवशीच बूट हाताशी असले पाहिजेत, नंतर मागवू असे म्हणू नये. घोड्याला पूर्वी लॅमिनायटिस होऊन गेला असेल, म्हणजे आतले हाड भिंतीपासून सुटून कलले असेल, तर हा निर्णय मालकाने एकट्याने घेऊ नये. रोज सकाळी घोट्याच्या मागच्या बाजूला, दोन्ही कडांना, बोटांनी नाडी पाहण्याची सवय लावून घ्या. निरोगी घोड्यात ती जेमतेम लागते. ठणठण लागली आणि खूर गरम वाटला तर त्या दिवशी रपेट नाही, मला किंवा आपल्या डॉक्टरांना फोन.

आता चंदीविषयी. माझ्या पाहण्यातले निम्मे 'नाल काढल्यावर लंगडणारे' घोडे खरे तर खाण्यामुळे लंगडत असतात. गूळ, भरडलेले बार्ली, पावाचे तुकडे, प्रेमाने दिलेली मिठाई, ही सगळी साखर आणि पिष्ट आहे. त्याने भिंत आणि तळवा यांना जोडणारी पांढरी रेषा ताणली जाते आणि तळवा हुळहुळा होतो. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस फार असतो, म्हणून केवळ कोंड्यावर भर देऊ नये. मुख्य आहार वाळलेले गवत, जोडीला बेताची लसूणघास, आणि जस्त व तांबे असलेले खनिज मिश्रण. बायोटिन दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम देता येते, पण त्याचा परिणाम नव्या वाढीतच दिसतो, त्यामुळे सहा महिने तरी धीर धरावा लागतो.

पावसाळ्यातली कूज हवा न लागणाऱ्या जागी वाढणाऱ्या जंतूंची असते. मधली खाच खोल असली की ते आत लपतात. रोज खूर खरवडून, ब्रशने धुऊन, कापसाने कोरडी करून त्या खाचेत जस्ताचे मलम भरलेला कापूस बसवा. अनेक जण मोरचुदाचे दाट पाणी ओततात. त्याने जंतू मरतात आणि कोवळी नवी ऊतीही भाजते, मग जखम भरतच नाही. आणि उभे राहण्यासाठी एक कोरडी जागा हवीच. औषधापेक्षा तिचा उपयोग अधिक.

जुना_नालबंद | ३ फेब्रुवारी, सायंकाळी ५.२०

मी लष्करात घोड्यांच्या पायावर बावीस वर्षे काम केले. निवृत्तीनंतरही पुण्यात हेच करतो. धाग्यात नालाविषयी जे लिहिले आहे त्यातले बरेचसे दुखणे नालाचे नाही, वाईट नालबंदीचे आहे, हे मला नमूद करावेसे वाटते. नाल खुरासाठी घडवायचा असतो. हल्ली तयार नाल आणून खूर त्याच्या मापाने कानशीने घासतात. खुराच्या सर्वांत रुंद जागेच्या मागे खिळा मारू नये, म्हणजे टाचेला पसरायला जागा राहते, हा आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलेला नियम आहे. आज दहा घोड्यांचे पाय उचलले तर सहांच्या टाचेत खिळा सापडतो. तशा नालात टाच आवळणारच.

नालाची गरज कुठे लागते तेही सांगतो. खूर झिजण्याचा वेग वाढीच्या वेगापेक्षा जास्त झाला की संरक्षण हवे, मग ते लोखंडाचे असो की रबराचे. रोज डांबरावर सहा तास ओढकाम करणाऱ्या जनावराला बूट पुरणार नाहीत, ते महिनाभरात फाटतील आणि त्याच्या टाचा सोलतील. ताईंचा घोडा दिवसाला तासभर चालतो, त्याला जमले. प्रत्येकाला जमेल असे कोणी समजू नये.

एक सूचना : बुटामुळे खुराचे टोक पुढे थोडे लांबते, म्हणून पाय उलटायला, म्हणजे टाच उचलून टोकावरून पुढे निघायला, उशीर होतो. बुटाचे पुढचे टोक गोलाईने घासलेले नसेल तर कानस घेऊन तेवढी धार मोडावी. आमच्यातली पुष्कळ मंडळी बुटांकडे पोटावर पाय म्हणून पाहतात. मीही आधी तसेच पाहिले. पण ताईंनी लिहिले आहे तसे, बिननालाच्या घोड्याला आमचा हात जास्त वेळा लागतो.

रविवारपेठी | ३ फेब्रुवारी, रात्री १०.०५

आमच्या आजोबांचा पुणे स्टेशनवर टांगा होता. जुना_नालबंद काकांचे म्हणणे वाचून त्यांची आठवण झाली. रस्त्याचा घोडा म्हणून ते नाल लावत, पण आषाढात धंदा मंदावला की पंधरा-वीस दिवस नाल काढून घोड्याला नदीपलीकडे एका ओळखीच्या मळ्यात सोडून येत. "टापेला श्वास घेऊ दे" एवढेच ते म्हणायचे. त्यामागे इतके शास्त्र असेल हे आज कळले.

पागेतली | ४ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

जुना_नालबंद काका, आपला शब्द मी मनापासून मान्य करते. माणिकच्या जुन्या नालांपैकी एक मी जपून ठेवला आहे. आपला प्रतिसाद वाचून तो काढून पाहिला, तर शेवटचे छिद्र अगदी टाचेजवळ आहे आणि ते वापरलेले दिसते. म्हणजे आवळलेल्या टाचांचे खापर मी सरसकट नालावर फोडले ते पूर्ण बरोबर नव्हते. टोकाच्या धारेबद्दलही आभार. माणिक उतारावर कधी कधी अडखळतो त्याचे कारण कदाचित हेच असेल. आज बूट तपासते.

डॉक्टर, कोरड्या जागेचे आपण लिहिले ते पटले. आमच्या शेडचा उतार चुकलेला आहे, पाणी नेमके टाकीजवळ साठते. मे महिन्याच्या आत तिथे मुरूम भरून त्यावर गोट्यांचा थर उंच करून घेते. गूळ मी मागच्या वर्षीच बंद केला. पहिले काही दिवस तो माझे खिसे हुंगत राहायचा.

नवी_स्वार | ४ फेब्रुवारी, दुपारी ३.४५

मी वाघोलीकडे एका ठिकाणी घोडेस्वारी शिकते आणि अलीकडेच तिथली एक काठियावाडी घोडी, नऊ वर्षांची, स्वतःसाठी घेतली आहे. तिचे नाल पुढच्या आठवड्यात काढायचे ठरले आहे. दोन शंका आहेत. तिथे आणखी एका घोड्याचे बूट पडून आहेत, ते चालतील का? आणि वेगात धावताना बूट निघून पायात अडकतात असे सगळे सांगतात, त्याची भीती वाटते.

पागेतली | ४ फेब्रुवारी, रात्री ८.५५

दुसऱ्या घोड्याचे बूट घालू नका. एक तर माप जुळणे जवळजवळ अशक्य आहे, काठियावाडीचा खूर अरुंद आणि उभट असतो, तर थरोब्रेडचा पसरट. दुसरे म्हणजे त्या बुटात कुजीचे जंतू असू शकतात. निघून जाण्याची भीती मात्र मापाशी निगडित आहे. माझा पहिला, चुकीच्या मापाचा बूट दुडक्या चालीतच फिरून घोट्यावर आला होता, माणिक बिथरला आणि मी पडता पडता वाचले. बरोबर मापाचा बूट आल्यापासून एकदाही निघालेला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९५५ पासून टेव्हिस कप नावाची स्पर्धा होते, डोंगराळ वाटेवर २४ तासांत १०० मैल. तिथे बिननालाचे घोडे खुरावर चिकटवलेले बूट घालून धावतात आणि जिंकलेही आहेत. आपल्याला तितके करायचे नाही, पण बूट वेगात टिकतात एवढे त्यावरून कळते. ओल्या गवताच्या उतारावर मात्र रबर घसरते, तिथे उतरून हाताने चालवा.

माझी कळकळीची विनंती एवढीच आहे की बूट हातात येईपर्यंत नाल काढण्याची तारीख पुढे ढकला. मी जे तीन आठवडे माणिकला चालवले ते त्या घोडीच्या वाट्याला येऊ नयेत.

जुना_नालबंद | ५ फेब्रुवारी, सकाळी ७.००

नवी_स्वार, वाघोली मला लांब नाही. पण नाल न काढता माप कसे घेणार, हा प्रश्न आपल्याला पडेल. तर असे करू : नालाची पाळी आलीच असेल तर नाल काढतो, खूर छाटतो, मोजतो आणि तेच नाल पुन्हा सैलसर न ठेवता नीट बसवून देतो. बूट आले की मग काढू. भिंतीत खिळ्यांना एकदा तरी जागा असेल असे समजून बोलतो आहे, ती नसेल तर बूट येईपर्यंत घोडी मऊ मातीतच राहील, रस्त्यावर येणार नाही.

नवी_स्वार | ५ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

काका, खूप आभार. मी क्लबच्या लोकांशी बोलले, तारीख पुढे ढकलली आहे. रविवारी सकाळी आपल्याला जमेल का? पागेतली ताई, आपणही येऊ शकलात तर मला धीर येईल.

पागेतली | ५ फेब्रुवारी, सकाळी १०.१५

येते. काका, साडेआठला चालेल का, म्हणजे ऊन चढायच्या आत घोडी मोकळी होईल. नवी_स्वार, तोपर्यंत रोज तिचे चारही पाय उचलून, एकेक मिनिट धरून ठेवण्याचा सराव करा, मोजमापाच्या वेळी ती शांत उभी राहायला हवी. मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची फूटपट्टी आणा, कापडी टेप ताणली जाते. आणि शक्य असेल तर आज संध्याकाळीच तिला सपाट कठीण जागेवर हाताने चालवून बाजूने मोबाइलवर तिची चाल टिपून ठेवा, खुरांच्या उंचीवर मोबाइल धरून. टाच आधी टेकते की टोक, हे आज कसे आहे ते आपल्याला सहा महिन्यांनी पाहावे लागेल.